पाच ओळींचा हुकूम

मेहमुदा शिकलगार रागावली की तिचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. इतका उतरायचा की समोरच्याला कान पुढं करून ऐकावं लागायचं, आणि ऐकल्यावर वाटायचं, नसतं ऐकलं तर बरं झालं असतं. हा राग तिला कुणी शिकवला नव्हता. तिचे वडील शमशुद्दीन मोठे शांत गृहस्थ. गल्लोगल्ली चाक घेऊन फिरायचे, सुऱ्या-कात्र्यांना धार लावून द्यायचे आणि गिऱ्हाईक काहीही बोललं तरी मान डोलवायचे. मुलीला मात्र त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि शाहूपुरीत टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथं ती मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झाली.

लग्न इचलकरंजीला झालं. नवरा यंत्रमागावर कामाला. चौथ्या वर्षी त्यानं दुसरी बायको करून आणली आणि मेहमुदाला सांगितलं, दोघींनी समजून घ्या. मेहमुदा भांडली नाही. तिनं आपली ट्रंक भरली, एसटी धरली आणि कोल्हापुरात आईच्या दारात येऊन उभी राहिली. तिची आई मदिनाबी म्हणाली, “नीट विचार केलास काय गं?” ती म्हणाली, “केला. वाटंतच केला, पण केला.” त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही.

चौऱ्याहत्तर साली ती राजारामपुरीतल्या एका रक्तदाता मंडळात टायपिस्ट म्हणून लागली. औषधांच्या दुकानावर मंडळाच्या दोन खोल्या होत्या. मंडळाचं काम सरळ होतं. कुणाला रक्त लागलं की दवाखान्यातून फोन यायचा, आणि त्या गटाचा माणूस शोधून मंडळानं त्याला दवाखान्यात धाडायचं. एका माणसाचं एक कार्ड. त्यावर नाव, गाव, रक्तगट, मागचं रक्त कधी दिलं ती तारीख आणि निरोप कुठं द्यायचा ते. फोन कुणाच्या घरी नसायचाच. कुणाचा निरोप पिठाच्या गिरणीत, कुणाचा ग्रामपंचायतीत, कुणाचा तालमीत. लाकडी खणांत अशी चार हजारांवर कार्डं होती आणि त्यांतलं जवळजवळ प्रत्येक मेहमुदाच्या हातचं होतं.

सत्त्याऐंशी साली कुणा देणगीदारानं मंडळाला काम्पुटर दिला. सगळी कार्डं त्यात उतरवायला मेहमुदाला आठ महिने लागले. यंत्र तिला आवडलं. गट सांगितला की त्या गटाची सगळी नावं गावासकट पडद्यावर यायची. तिची तक्रार यंत्राबद्दल नव्हतीच. शेवटचं कार्ड उतरवलं त्याच आठवड्यात मंडळाचे सचिव गणपतराव यांनी खण रिकामे करून कार्डं रद्दीवाल्याला द्यायला काढली, तिथं तिचं बिनसलं.

“दोन वर्षं तरी राहू द्यात, साहेब,” ती म्हणाली.

“मग काम्पुटर कशाला घेतला, बाई? शोभेला?” गणपतराव हसले. ते निवृत्त मुख्याध्यापक. चूक आपल्याकडून होते हे त्यांना तीस वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं.

कार्डं गेली. रद्दीवाल्याच्या हातगाडीवर पोती चढताना मेहमुदा गॅलरीत उभी होती.

काम्पुटर बसवला होता बाळासोनं. इंजिनिअर झालेला पोरगा, शाहूपुरीत त्याचं छोटं दुकान. यंत्रातली जागा फार थोडी. मंडळाची आभाराची पत्रं, शिबिरांची पत्रकं, सगळं त्यातच टाईप व्हायचं, आणि थोड्या दिवसांत ते तुंबायचं. म्हणून बाळासोनं आतमध्ये दोन कप्पे केले होते. एकात रक्तदात्यांची यादी आणि चालू पत्रं, दुसऱ्यात पाठवून झालेली जुनी पत्रं. दर शनिवारी दुपारी मेहमुदानं ‘साफ’ असा शब्द टाईप करायचा. बाळासोनं आधीच लिहून ठेवलेला हुकूम त्यावर चालायचा आणि जुन्या पत्रांचा कप्पा रिकामा व्हायचा. मग पडद्यावर ‘काम झाले’ असं यायचं. ते आलं की मेहमुदा पर्स उचलून घरी.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्यानंतरच्या शनिवारीही असंच झालं. ‘साफ’ लिहिलं, ‘काम झाले’ आलं, ती घरी गेली. सोमवारी दिवसभर तिनं दिवाळीच्या शिबिराची पत्रं टाईप केली.

मंगळवारी अकराच्या सुमाराला जिन्यावर धावत पावलं वाजली. पायजम्याला चिखल लागलेला एक तरणा माणूस आत आला. त्याचं नाव कृष्णात, गारगोटीकडच्या एका वाडीचा. बायको बाळंतपणाला जवळच्याच दवाखान्यात आणली होती. रक्त फार गेलं होतं, आणि तिचा गट ओ निगेटिव्ह. दवाखान्यानं चिठ्ठी देऊन त्याला इकडं धाडलं होतं.

“बसा, पावणं,” मेहमुदा म्हणाली. “आत्ता बघते.”

तिनं यादी उघडायचा हुकूम दिला. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, अशी फाइल नाही. तिला वाटलं, अक्षर चुकलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिनं सगळा कप्पा उघडून पाहिला, तर त्यात शिबिराची सोमवारची पत्रं तेवढी होती. चार हजार माणसांतलं एकही नाव शिल्लक नव्हतं.

कृष्णात तिच्या तोंडाकडं बघत होता. “हाय न्हवं कुणीतरी?” त्यानं विचारलं.

“हाय,” मेहमुदा म्हणाली. “थांबा.”

तिनं पडद्याकडं पाठ केली, कोरा कागद घेतला आणि डोळे मिटले. चौदा वर्षं तिनं ती कार्डं हातांनी लिहिली होती. ओ निगेटिव्हचा खण डावीकडून तिसरा, वरचा. आकाराम मास्तर, कागलजवळच्या शाळेत, निरोप ग्रामपंचायतीत. पण त्यानं गेल्याच महिन्यात दिलंय, तो नको. एक शिंपी, गाव आठवेना. आणि दिलदार. दिलदार रिक्षा चालवायचा आणि राजारामपुरीच्याच थांब्यावर असायचा.

ती जिना उतरून थांब्यावर गेली. दिलदार नव्हता. स्टेशनला भाडं घेऊन गेलाय, असं बाकीच्यांनी सांगितलं. ती तिथंच उन्हात उभी राहिली, कृष्णात शेजारी. पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांत तिच्या मनात कोण कोण येऊन गेलं आणि त्या प्रत्येकाला ती काय काय बोलली, हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही. रिक्षा वळणावर दिसताच तिनं रस्त्यात जाऊन हात आडवा केला.

“दिलदार, रक्त द्यायचं हाय. आत्ता.”

“सकाळचा नुसता चहा झालाय, आपा.”

“दवाखान्यात बिस्किटं देतील. चल.”

ती बाई वाचली. दुसरी बाटली लागली, तेव्हा दिलदारनंच आपल्या मावसभावाला ओढून आणलं. त्याचाही गट तोच निघाला. मूलही जगलं. पण हे सगळं कळून मेहमुदा मंडळात परत आली, तेव्हा टेबलावर मेमो तिची वाट बघत होता.

‘आपल्या निष्काळजीपणामुळे मंडळाची संपूर्ण यादी नष्ट झाली आहे. आपणावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.’ खाली गणपतरावांची सही. शाई वाळलेली. म्हणजे ती थांब्यावर उभी असताना साहेब तो उघडा पडदा बघून हे लिहीत बसले होते.

“काय दाबलंत बाई तुम्ही?” गणपतरावांनी विचारलं. “मी म्हणतच होतो, चाळिशीतल्या बाईला हे यंत्र झेपणार नाही.”

मेहमुदाचा आवाज उतरला. “दर शनिवारी दाबते तेच दाबलं.”

“मग यादी काय आपल्या पायानं गेली?”

तिनं तिथंच टायपरायटरवर कागद चढवला आणि खुलासा लिहून त्यांच्या हातात दिला. दोन वाक्यं होती. ‘मी दर शनिवारी देते तोच हुकूम दिला. त्याचे यंत्राने काय केले, ते शोधून तीन दिवसांत सांगते.’

दुसऱ्या दिवशी ती शाहूपुरीत बाळासोच्या दुकानात गेली. तो आधीच मंडळात जाऊन यंत्र तपासून आला होता. पुसलेलं परत आणायची एक युक्ती असते म्हणाला, पण सोमवारच्या पत्रांनी ती जागा व्यापली होती. फ्लॉपीवर एक नक्कल ठेवलेली होती, तिला पावसाळ्यात बुरशी धरली होती.

“तो ‘साफ’चा हुकूम मला छापून दे,” मेहमुदा म्हणाली.

“त्यात काय बघायचंय, बाई? पाच ओळी हायत.”

“तर मग कागद बी लई लागणार न्हाय.”

त्यानं छापून दिला. मेहमुदानं स्टूल ओढलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारला. पहिली ओळ, जुन्या पत्रांच्या कप्प्यात जा. दुसरी, तिथलं सगळं पुसून टाक, आणि यंत्रानं ‘नक्की का?’ विचारलं तर तूच ‘हो’ म्हण. तिसरी, यादीच्या कप्प्यात परत ये. चौथी, पडदा कोरा कर. पाचवी, ‘काम झाले’ असं लिही.

“आणि पहिल्या ओळीत तो कप्पाच सापडला न्हाय तर?”

“सापडतोच की. मीच केलाय.”

“समज, न्हाय सापडला.”

“तर यंत्र तसं सांगतं. एक ओळ येती पडद्यावर.”

“आणि मग थांबतं?”

बाळासोनं कागद जवळ ओढला. “न्हाय,” तो हळू म्हणाला. “पुढच्या ओळीवर जातं.”

“पुढची ओळ म्हणजे सगळं पुसून टाक. कुठलं सगळं?”

“जिथं उभं असंल तिथलं.”

“उभं कुठं असतं?”

उत्तर दोघांनाही कळलं होतं. यंत्र यादीच्या कप्प्यात उभं होतं. कप्पा सापडला नाही असं सांगणारी ओळ आली असेल, पण चौथ्या ओळीनं पडदा कोरा केला, आणि त्यावर पाचवीनं लिहिलं, काम झाले.

मेहमुदानं कागदाची घडी घातली. “गड्याला सांगितलं, माळ्यावर जा आणि अडगळ फेकून दे. त्याला शिडीच मिळाली न्हाय. तर तो स्वैपाकघरात उभा राहून भांडी फेकत सुटंल काय? आणि मालकाला येऊन सांगंल, काम झालं म्हणून?”

“मी धरून चाललो होतो, कप्पा असणारच,” बाळासो म्हणाला.

“तू धरून चाललास, आणि धरलं मला.”

जाताना तिनं एवढंच म्हटलं, “शुक्रवारी चारला मंडळाची बैठक हाय. माझी चौकशी हाय म्हणं. तू येतोस, का मी हा कागद घेऊन एकटी बोलू?”

“येतो,” तो म्हणाला.

शुक्रवारी अध्यक्ष हंबीरराव मधल्या खुर्चीत बसले होते. आडत दुकानाचे मालक, सत्तरीचे, तंबाखूची गोळी गालात. गणपतरावांनी मेमो वाचून दाखवला. मग बाळासो उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. हुकमात चूक आपली होती. ठिकाण सापडलं नाही तर काय करायचं, हे आपण यंत्राला सांगितलंच नव्हतं. बाईंनी नेहमीचंच काम केलं.

“पण तो कप्पा गेला कुठं?” हंबीररावांनी विचारलं. “इतके शनिवार सापडला, मग त्याच शनिवारी कसा न्हाय?”

“तेच मला उमगंना,” बाळासो म्हणाला. “परत तपासलं, तो कप्पा यंत्रात न्हायच, आणि कुणीतरी काढल्याबिगर जात न्हाय. त्याचं नाव जे यू एन ई. ‘जुने’.”

गणपतरावांनी चष्मा वर केला. “जे यू एन ई? ते तर मी काढलं.”

बाळासो झटकन त्यांच्याकडं वळला.

“खंडेनवमीला काम्पुटरची पूजा केली,” गणपतराव अगदी सहज सांगत होते. “म्हटलं, यंत्र चालू करून बघावं. मी आठ दिवसांचा कोर्स केलाय ना. आत बघतो तर ‘जून’ नावाचं काहीतरी, आणि रिकामं. ऑक्टोबर चाललाय, जून महिन्याचं काय काम? काढून टाकलं.” आणि मग, एका एका चेहऱ्याकडं बघताना, आपण कशाबद्दल बोलतोय हे त्यांच्या ध्यानात येऊ लागलं.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ‘जुने’. मुख्याध्यापकांनी ते जून वाचलं होतं. सुट्ट्यांच्या आठवड्यात एकही जुनं पत्र कप्प्यात पडलं नव्हतं, म्हणून तो रिकामा, आणि रिकामा म्हणून तो सहज निघाला.

मेहमुदाला हसू यायला हवं होतं. बाळासोला येत होतं, तो ते दाबत होता. तिला मात्र थांब्यावरची पंचवीस मिनिटं आठवत होती आणि शेजारी उभ्या असलेल्या कृष्णातच्या पायजम्याचा चिखल. माणसं चुकतात, हे तिला मान्य होतं. तीही चुकायची, टायपिंगमध्ये रोज चुकायची आणि रबर घेऊन बसायची. पण यांनी यंत्राला हात लावला, कुणाला सांगितलं नाही, आणि यादी गेली तेव्हा स्वतःला एकदाही विचारलं नाही की आपण काही केलं होतं काय. सरळ तिचं नाव लिहिलं.

हंबीररावांनी घसा खाकरला. “झालं ते झालं. कुणी मुद्दाम केलेलं न्हाय. मिटवून टाकू.”

“माझा मेमो?” मेहमुदानं विचारलं. हंबीररावांना पुढं वाकावं लागलं.

“तो काय, राहील कागद फाइलला. त्याचं काय एवढं.”

“तो फाडून टाकायचा.”

“तसं करता येत नाही, बाई,” गणपतराव म्हणाले. आवाज मऊ होता, पण नियम त्यांना पाठ होते. “सर्व्हिस फाइलमधला कागद काढायचा तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. सूचक, अनुमोदक. तोही पुढच्या महिन्याच्या सभेत.”

मेहमुदा उभी राहिली. “चार हजार माणसांची नावं पुसायला कुणाचा ठराव लागला न्हाय. सूचक न्हाय, अनुमोदक न्हाय. कार्डं रद्दीत घालायला लागला न्हाय. आणि माझ्या नावावरचं एक खोटं काढायला सभा पाहिजे. असं हाय तर मी सभेपतोर थांबते. पण तवर त्या ‘साफ’ला मी हात लावणार न्हाय, आणि हिथल्या कुणालाबी लावू देणार न्हाय.”

तिनं छापलेला कागद टेबलावर ठेवला आणि ती बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. आत बराच वेळ कुजबुज चालली होती.

पुढच्या महिन्यात ठराव झाला, पण मेमो फाडायचा नव्हे. ‘सदर मेमो मागे घेण्यात येत आहे’ असा आणखी एक कागद त्याच फाइलमध्ये मागून लागला. म्हणजे पुढं कधी कुणी फाइल उघडली, तर आधी निष्काळजीपणा वाचायला मिळणार आणि पान उलटलं तर माघार. गणपतराव एकदा जिन्यात म्हणाले, “तुमच्या मनात काही नाही ना, बाई?” ती म्हणाली, “हाय,” आणि वर निघून गेली.

हुकूम नव्यानं लिहायला बाळासो आला, तेव्हा मेहमुदा शेजारी खुर्ची घेऊन बसली. त्यानं घाबरून पार दुसरं टोक गाठलं होतं. कुठंही काहीही अडलं की सगळं काम ठप्प. चाचणीला एक पत्र पुसलं जाईना, कारण ते पुसलं जाऊ नये म्हणून त्याला यंत्रातलं कुलूप होतं. त्या एकामुळं बाकीची तीसही तशीच राहिली.

“ही काय रीत झाली?” ती म्हणाली. “एक पत्र न्हाय पुसलं, तर त्याचं नाव लिहून ठेवायचं आणि फुडच्याला हात घालायचा. सोमवारी बघू त्याचं काय ते. पण कप्पाच सापडला न्हाय, तर एक पाऊल टाकायचं न्हाय. दोन चुका सारख्या नसत्यात, बाळासो. एका चुकीनं काम थोडं ऱ्हातं. दुसरीनं आपण भलत्याच घरात शिरतो.”

बाळासोनं हे वहीत लिहून घेतलं. कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाला. त्यानं यादीला यंत्रातलं कुलूप घातलं. कप्प्याचं नाव बदलून कुणाला महिना वाटणार नाही असं ठेवलं. पडदा कोरा करायची ओळ काढून टाकली. आणि ‘काम झाले’ हे शब्द आता सगळं खरोखर पुसलं गेलं असेल तरच यायचे. एरवी काय राहिलं आणि का राहिलं, ते इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत दिसायचं. ती वाक्यं मेहमुदानं सांगितली होती.

यादी मात्र पुन्हा माणसांनीच उभी केली. मेहमुदानं आठवणीतून सहाशेच्या वर नावं लिहून काढली. बाकीच्यांसाठी ती रविवारी एसटीनं गावोगाव जायची. तालमीत, दूध डेअरीवर, शाळेत कागद डकवायची, जुन्या रक्तदात्यांनी मागच्या रक्तदानाचं प्रमाणपत्र घेऊन यावं म्हणून. लोक कंटाळले. “परत कशाला नाव? दिलतं की मागं,” असं म्हणायचे, आणि दर खेपेला तिला मंडळाची लाज सांभाळून सांगावं लागायचं की हरवलं. कुणी हरवलं, ते ती सांगत नसे. पुढच्या दसऱ्यापर्यंत एकोणीसशे नावं जमली. बाकीची कधीच मिळाली नाहीत. प्रत्येक नावाचं तिनं हातानं कार्डही केलं, आणि खणांची किल्ली मंडळाच्या खिळ्यावर न टांगता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. गणपतरावांनी एकदा ती मागितली. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी ‘साफ’ मधेच थांबलं. पडद्यावर आलं, ‘कप्पा सापडला नाही. काहीही पुसलेले नाही. बाळासोला विचारा.’ गणपतराव मागं उभे होते. त्यांना सभेचं पत्रक टाईप करून हवं होतं, आणि जागा नव्हती.

“हे सारखं अडतंच बघा,” ते वैतागून म्हणाले. “पूर्वी कसं बिनबोभाट व्हायचं.”

मेहमुदानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. ती इतकी हळू बोलली की त्यांना वाकावं लागलं. “बिनबोभाट झालं, म्हणूनच कुणाला कळलं न्हाय.”

गणपतराव आपल्या खोलीत गेले. मेहमुदानं पडद्यावरचं वाक्य तारखेसकट वहीत उतरवून घेतलं, फोन ओढला आणि बाळासोच्या दुकानाचा नंबर फिरवला. लागला नाही. तिनं पुन्हा फिरवला.